जपानमधील ख्रिस्ती धर्माचा आरंभ : नारा की कागोशिमा?

जपानमधील ख्रिस्ती धर्मावर व्याख्यान, लेख किंवा अभ्यासवर्गाचे टिपण तयार करणाऱ्याला आरंभीच एक निवड करावी लागते आणि ती पुढे ढकलता येत नाही. पहिल्या पानावर कोणते साल घालायचे? एका बाजूला १५४९ आहे. फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरले ते साल. दुसऱ्या बाजूला त्याहून आठशे वर्षे जुने ७३६ हे साल आहे, ज्या वर्षी एक इराणी माणूस नारा येथील राजदरबारात आला. आणि त्याच्याही मागे जाऊन हाता या प्राचीन जपानमधील स्थलांतरित घराण्याच्या कथेपासून प्रारंभ करणारे लेखक आहेत. वसईतील एका लहान अभ्यासमंडळापुढे बोलण्याची तयारी करताना ही निवड मला स्वतःला करावी लागली. त्यासाठी दोन्ही पक्षांचे साहित्य मी आलटूनपालटून वाचले आणि नंतर क्योतो, कोयासान व कागोशिमा ही ठिकाणेही पाहिली. झेवियर हे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे धर्मप्रचारक आणि थांग ही सातव्या ते दहाव्या शतकातील चीनची राजवट, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

प्राचीन पक्षाची बाजू आधी मांडतो, कारण तिची ओढ खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल. पूर्वेकडची सीरियन मंडळी (म्हणजे चर्च), जिला सवयीने नेस्टोरियन म्हटले जाते आणि जी जपानमध्ये केइक्यो या नावाने ओळखली जाते, ती ६३५ मध्ये अलोपेन या धर्मगुरूंबरोबर छांगआन या थांग राजधानीत पोचली, याविषयी वाद नाही. तिने ७८१ मध्ये उभारलेला शिलालेख आजही शीआनच्या संग्रहालयात पाहता येतो. त्याच छांगआनला जपानचे राजदूत, विद्यार्थी आणि भिक्षू जात होते. ८०४ मध्ये तेथे पोचलेले कूकाई, म्हणजे पुढे जपानात शिंगोन पंथ स्थापन करणारे आचार्य, संस्कृत शिकले ते प्रज्ञ नावाच्या, नालंदेत शिक्षण झालेल्या भिक्षूंकडे. आणि याच प्रज्ञांनी त्यापूर्वी काही वर्षे, शिलालेखाचा मजकूर रचणाऱ्या जिंगजिंग या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या साहाय्याने एका बौद्ध सूत्राचे चिनी भाषांतर केले होते. ही हकीकत एका बौद्ध ग्रंथसूचीत नोंदलेली आहे आणि ताकाकुसु जुंजिरो या जपानी संस्कृत पंडितांनी ती १८९६ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणली. कूकाई आणि जिंगजिंग यांच्यामध्ये एकच माणूस उभा आहे आणि तो नालंदेचा आहे, हे प्रथम वाचले तेव्हा माझा कल या पक्षाकडे झुकलाच होता.

नारा येथे इराणी लोक होते, हेही आता नुसते अनुमान राहिलेले नाही. ‘शोकू निहोंगी’ या जपानी दरबाराच्या इतिहासग्रंथात ७३६ च्या नोंदीत ‘ली मियी’ नावाच्या एका इराणी माणसाला दरबारी दर्जा दिल्याचे म्हटले आहे. होर्यूजी मंदिरात जपलेल्या चंदनाच्या ओंडक्यांवर प्राचीन इराणची पहलवी अक्षरे आणि मध्य आशियातील सोग्दी लिपीत डागलेली खूण आहे, आणि त्यावरील शाईच्या नोंदीत ७६१ हे साल येते. हेइजो राजवाड्याच्या जागेवर १९६० च्या दशकात सापडलेल्या एका लाकडी पट्टीवरील पुसट अक्षरे अवरक्त छायाचित्रणाने २०१६ मध्ये वाचता आली, तेव्हा ७६५ च्या सुमारास अधिकारी घडवणाऱ्या दरबारी विद्यालयात नावावरून इराणी मूळ दिसणारा एक कर्मचारी काम करीत होता, असे निष्पन्न झाले. शोसोइन या नारा येथील खजिनाघरातील ससानी (इस्लामपूर्व इराणी) काचेचे पात्र तर शाळेच्या पुस्तकांतही येते.

येथपर्यंत मी या पक्षाबरोबर निःशंकपणे चालतो. अडचण पुढच्या पावलाला येते. इराणी माणूस झरथुष्ट्री असू शकतो, मानीचा अनुयायी असू शकतो, ख्रिस्ती असू शकतो, किंवा आपल्या धर्माविषयी परदेशात काहीही न बोलणारा साधा व्यापारी असू शकतो. ली मियीविषयी ग्रंथात त्याचा देश आणि त्याला मिळालेला दर्जा एवढेच आहे. नंतरच्या लेखकांकडे मात्र तो वैद्य होतो, काहींकडे धर्मगुरू होतो, आणि काहींकडे तर छांगआनच्या शिलालेखात नाव असलेल्या एका धर्मगुरूशी त्याचे नाते जोडले जाते. प्रज्ञ आणि जिंगजिंग यांच्या भाषांतराचे जे झाले तेही पुष्कळदा अर्धेच सांगितले जाते. त्याच ग्रंथसूचीप्रमाणे सम्राटाला ते भाषांतर पसंत पडले नाही. जिंगजिंगने मशीहाची शिकवण सांगावी, बौद्ध भिक्षूंनी सूत्रे सांगावीत आणि दोन्ही मार्ग वेगळे राहावेत, असा निर्णय झाला. कूकाईंनी चीनहून काय काय आणले याची तपशीलवार यादी त्यांनी स्वतः ८०६ मध्ये दरबाराला सादर केली आणि ती उपलब्ध आहे. तिच्यात सूत्रे आहेत, मंडले आहेत, विधीची उपकरणे आहेत. ख्रिस्ती ग्रंथ एकही नाही.

तरीही पुरावा थोडा असणे हे माझ्या मते नाकारण्याचे कारण नव्हते. प्राचीन इतिहासात पुरावा थोडाच असतो. मला ज्या गोष्टीने खरोखर वैताग आणला आणि अखेर निर्णय घ्यायला लावला ती वेगळी आहे : या पक्षाच्या कथनात सालांचा क्रम उलटा लागतो आणि तो उलटा लागला आहे याकडे कोणी लक्ष वेधीत नाही.

हाता घराण्याचे उदाहरण घ्या. क्योतोच्या पश्चिमेला उझुमासा भागात या घराण्याने कोर्यूजी हे मंदिर उभारले. सायेकी योशिरो या अभ्यासकांनी १९०८ मध्ये उझुमासावर लेख लिहून हाता हे मुळात पश्चिम आशियातून आलेले लोक असावेत असा तर्क मांडला, आणि त्यानंतर कोर्यूजी हे आरंभी ख्रिस्ती प्रार्थनास्थळ होते, असे विधान इतक्या ठिकाणी छापले गेले की वाचकाला ते सिद्ध झालेलेच वाटते. आता ‘निहोन शोकी’ ही जपानची प्राचीन बखर काय सांगते ते पाहावे. ६०३ मध्ये राजपुत्र शोतोकू यांनी बुद्धमूर्ती कोणाला हवी असे विचारले, हाता नो कावाकात्सु यांनी ती स्वीकारली आणि तिच्यासाठी मंदिर बांधले. मूर्ती बुद्धाची, मंदिर बुद्धमूर्तीसाठी, आणि साल ६०३. अलोपेन मात्र छांगआनला पोचतात ६३५ मध्ये. ज्या मंडळीचे जपानातले मंदिर म्हणून कोर्यूजी दाखवले जाते, ती मंडळी त्या वेळी चीनच्या राजधानीतही आलेली नव्हती. हाता घराणे कोरियामार्गे आले आणि त्याला ही श्रद्धा मध्य आशियातून आधीच मिळाली होती, असे यावर उत्तर दिले जाते. ते अशक्य आहे असे मी म्हणणार नाही, पण त्या उत्तराला आधार म्हणून पुन्हा कोर्यूजीच पुढे केले जाते. मंदिराजवळच्या कोनोशिमा देवस्थानातील तीन खांबांच्या तोरीविषयीही (तोरी म्हणजे शिंतो देवस्थानाची कमान) असेच होते. तिचे तीन खांब त्रैक्याचे, म्हणजे ख्रिस्ती त्रिएक देवाचे, प्रतीक म्हणून दाखवले जातात. ती तोरी पाहताना मलाही क्षणभर तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे. आज उभी असलेली दगडी तोरी १८३१ मध्ये बांधलेली आहे.

दुसरे उदाहरण नारा काळातील सम्राज्ञी कोम्यो यांचे. गरिबांना मोफत औषध देणारे सेयाकुइन त्यांनी स्थापन केले, आणि ही करुणा त्यांना ली मियी या ख्रिस्ती वैद्याकडून मिळाली असावी, असे मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले जाते. ‘शोकू निहोंगी’तच सेयाकुइनच्या स्थापनेचे साल ७३० दिले आहे. ली मियी आला ७३६ मध्ये. एकाच ग्रंथातील या दोन नोंदींमध्ये फार पाने नाहीत, पण एकदा निष्कर्ष ठरला की मधली पाने उलटण्याची गरज कोणाला वाटत नाही. वरात आधी आणि लग्न मागाहून, असा हा प्रकार आहे. बौद्ध धर्मात औषधदानाला पुण्य मानले गेले होते, कोम्यो स्वतः निष्ठावान बौद्ध होत्या, आणि त्यांच्या कार्याला त्याहून वेगळे कारण शोधण्याची निकड मला जाणवली नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या पक्षातले सगळेच इतके उतावळे नव्हते. मेइजी काळातील (१८६८–१९१२) इतिहासकार कुमे कुनिताके यांनी शोतोकूंचा जन्म तबेल्याच्या दाराशी झाल्याच्या कथेवर चीनमार्गे आलेल्या ख्रिस्तजन्माच्या कथेची छाया असावी, असे सुचवले होते. ‘निहोन शोकी’ पूर्ण झाली ७२० मध्ये. चीनमधील मंडळी तोवर पाऊणशेहून अधिक वर्षांची झाली होती. कथा प्रवास करू शकते, आणि येथे निदान साले आडवी येत नाहीत. पण कथेची छाया पडणे आणि धर्माचा आरंभ होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीविषयी कुमेंच्या तर्कातून काहीच मिळत नाही.

तुलनेसाठी एक व्यक्ती फार उपयोगी पडते. ली मियी ज्या जपानी दूतमंडळाबरोबर चीनहून आला, त्याच्याच ७३६ मधील परतीच्या प्रवासात बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू जपानात आले. ते कोठे राहिले, कोणत्या पदावर पोचले, ७५२ मध्ये तोदाइजीच्या महाबुद्धमूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठा करण्याचा नेत्रोन्मीलन विधी त्यांच्या हस्ते झाला, ७६० मध्ये त्यांचे निधन झाले, हे सगळे नोंदले गेले. शिष्याने त्यांच्या स्मरणार्थ लेखही रचला. परदेशी धर्मगुरूला नारा दरबाराने महत्त्व दिले की त्याची कागदावर किती खूण उरते, हे बोधिसेनांवरून कळते. त्याच वर्षी, त्याच दरबारात आलेल्या ली मियीमागे एक ओळ उरली. तो ख्रिस्ती असेलही; त्याने तेथे मंडळी उभी केली असे म्हणायला मात्र जागा सापडत नाही.

हा पक्ष इतका का फोफावला, याचे उत्तर मला कोयासानला, म्हणजे कूकाईंच्या शिंगोन पंथाच्या डोंगरावरील केंद्रात, काहीसे मिळाले. तेथील ओकुनोइन या दफनभूमीच्या देवदारांमध्ये छांगआनच्या शिलालेखाची प्रतिकृती उभी आहे. ती १९११ मध्ये एलिझाबेथ अ‍ॅना गॉर्डन या इंग्रज विदुषींनी बसवली आणि त्यांची समाधीही तिच्याशेजारीच आहे. बौद्ध आणि ख्रिस्ती धर्म मुळाशी एकमेकांना भेटले होते, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्या देशात १८७३ पर्यंत ख्रिस्ती धर्मबंदीचे फलक चौकाचौकांत उभे होते, तेथे पुढच्या पिढीतील जपानी ख्रिस्ती अभ्यासकाला हा धर्म पोर्तुगीज जहाजांच्या आधीच आपल्या भूमीत आला होता असे म्हणावेसे वाटले, यात नवल नाही. ती भावना मी समजू शकतो. आमच्याकडेही संत थॉमस किंवा बार्थोलोम्यू कोकणात आले होते का, हा विषय निघाला की आवाज चढतात. फक्त कोयासानचा दगड १९११ चा आहे, हे त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढणाऱ्या अनेकांना कोणी सांगितलेले नसते.

आता १५४९. येथे पुराव्याची टंचाई नाही, त्यामुळे सांगण्यासारखे कमी आणि निवडण्यासारखे अधिक आहे. १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर, कोस्मे दे तोरेस, ब्रदर हुआन फर्नांदेस आणि त्यांचे सोबती एका चिनी जहाजातून कागोशिमाला उतरले. त्याच वर्षीच्या ५ नोव्हेंबरला झेवियरांनी कागोशिमाहून लिहिलेले लांबलचक पत्र आपल्यापुढे आहे. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाची पत्रे आहेत, मंडळी वाढली त्याचे दाखले आहेत, आणि ती चिरडली गेली त्याचे सरकारी दाखलेही आहेत : जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांचा १५८७ चा हुकूम, नागासाकी येथे १५९७ मध्ये क्रुसावर दिलेले सव्वीस हुतात्मे, १६१४ ची देशव्यापी बंदी. शत्रूचे कागद आणि मित्राची पत्रे एकच गोष्ट सांगतात, हे सुख इतिहासात वारंवार मिळत नाही.

या पक्षातही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. १५५२ मध्ये यामागुची येथे ओउची योशिनागा या स्थानिक सरदारांनी येशूसंघीयांना मंदिरासाठी जागा दिली त्या सनदेत, पश्चिमेकडील देशातून बुद्धाचा धर्म प्रसृत करण्यासाठी आलेले भिक्षू, असे त्यांचे वर्णन आहे. म्हणजे झेवियर येऊन तीन वर्षे झाल्यावरही हा एक नवा बौद्ध पंथच आहे, असे स्थानिक सत्तेला वाटत होते. ‘आरंभ’ म्हणजे उपदेशकाचे आगमन की ऐकणाऱ्याला झालेली वेगळेपणाची जाणीव, हा प्रश्न १५४९ वाले सहसा विचारत नाहीत. प्राचीन पक्षाच्या लोकांनी हा मुद्दा उचलला असता तर त्यांना तोरीच्या खांबांपेक्षा बळकट आधार मिळाला असता.

मला अधिक खटकते ते झेवियरांना एकट्यालाच नायक करणे. कागोशिमाचा अंजिरो नावाचा माणूस हातून मनुष्यवध घडल्यावर पोर्तुगीज जहाजातून पळाला आणि १५४७ च्या अखेरीस मलाक्क्यात झेवियरांना भेटला. तेथून तो गोव्याला आला, सेंट पॉल महाविद्यालयात शिकला, आणि १५४८ च्या मे महिन्यात, पेंटेकॉस्टच्या दिवशी, बिशप जुआंव दे आल्बुकेर्क यांच्या हातून दोन जपानी सोबत्यांसह त्याचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला. त्याचे नाव पावलो द सांता फे ठेवण्यात आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने गोव्याहून येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. झेवियर जपानला जायला निघाले ते त्याच्या सांगण्यावरून, उतरले ते त्याच्या गावी, आणि तेथे पहिल्यांदा स्नानसंस्कार घेणाऱ्यांमध्ये त्याच्याच घरची माणसे होती. जहाजावर मलबारचा आमादोर नावाचा एक सेवकही होता, ज्याची आठवण क्वचितच कोणी काढतो. कागोशिमाच्या झेवियर उद्यानात अंजिरोचा पुतळा झेवियरांशेजारी आहे, त्यांच्यासोबत गोव्याला आणि पुढे पोर्तुगालला गेलेल्या बेर्नार्दोचाही आहे. पुस्तकांच्या पहिल्या पानांवर मात्र दोघेही मागच्या रांगेत असतात.

मी तयारी करीत असताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली, आणि मोजमाप म्हणून ती कितपत चालेल ते वाचकाने ठरवावे. प्राचीन पक्षाचा कोणताही दावा उचलून मागे जाऊ लागले की वाट विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एखाद्या लेखापाशी येऊन थांबत असे. नव्या पक्षाचा कोणताही दावा उचलला की आपण एका पत्रापासून दुसऱ्या पत्राकडे आणि तेथून एखाद्या गावाकडे जात असू, आणि त्या गावात पुष्कळदा आजही माणसे भेटतात. १८६५ च्या मार्च महिन्यात नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे गावकरी आले आणि ‘आमचे हृदय तुमच्यासारखेच आहे’ असे त्यांनी फादर पेतीजाँ या फ्रेंच धर्मगुरूंना सांगितले, तेव्हा त्यांनी सुमारे सव्वादोनशे वर्षे धर्मगुरूविना श्रद्धा जपली होती. ज्या परंपरेचा दुवा इतक्या मोठ्या खंडानंतरही हाती लागतो, तिच्या आरंभाचे साल सांगण्यात जोखीम कमी आहे. केइक्योच्या बाजूने असा एकही दुवा जपानच्या भूमीवर मिळत नाही. चीनमध्येही ८४५ च्या धर्मदमनानंतर तिची मंडळी ओसरत गेली.

वसईच्या श्रोत्यांपुढे तर या निवडीला आणखी एक कारण होते. १५९७ च्या त्या सव्विसांमधील गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीयांबरोबर तरुणपणीच जपानला गेल्यामुळे त्यांना जपानी भाषा चांगली अवगत होती. म्हणूनच १५९३ मध्ये मनिलाहून गेलेल्या फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या मंडळाने, ते स्वतः तोवर फ्रान्सिस्कन ब्रदर झाले असल्याने, त्यांना दुभाषा म्हणून बरोबर घेतले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. हे कारण आपलेपणाचे आहे, पुराव्याचे नाही, आणि वाचकाने त्याला तेवढेच वजन द्यावे. पण ज्या प्रवासमार्गाने अंजिरो गोव्याला आला त्याच मार्गाच्या उलट दिशेने आमच्या गावचा एक मुलगा गेला, हे एकदा नकाशावर पाहिले की १५४९ ही केवळ युरोपची कथा आहे असे म्हणणे जड जाते.

तेव्हा कोणी कोणते साल निवडावे? थांगकालीन आशियातील धर्मांच्या देवाणघेवाणीवर लिहायचे असेल, तर केइक्योपासून सुरुवात करण्यास माझी हरकत नाही. फक्त आरंभ छांगआनमध्ये करावा आणि नारापर्यंत जाताना आवाज हळूहळू खाली आणावा. जपानमधील ख्रिस्ती लोकांचा इतिहास लिहायचा असेल, तर १५४९ सोडून दुसरीकडे जाण्यास मला सबळ कारण दिसत नाही, आणि माझ्यापुरते बोलायचे तर मी त्याआधी एक परिच्छेद मे १५४८ मधील गोव्याला देतो. स्नानसंस्कार जपानच्या भूमीवर झाला नाही, असा आक्षेप यावर येतो आणि तो योग्य आहे. म्हणून मी ‘पहिले ज्ञात जपानी ख्रिस्ती’ असा शब्दप्रयोग १५४८ साठी आणि ‘जपानमधील मंडळीचा आरंभ’ असा १५४९ साठी करतो. ७३६ ची नोंद मी गाळत नाही. ती मूळ ग्रंथात आहे तेवढ्याच शब्दांत देतो, म्हणजे एक इराणी माणूस आला आणि त्याला दरबारी दर्जा मिळाला एवढेच लिहितो, आणि तो वैद्य किंवा धर्मगुरू होता असे कोणी विचारल्यास ‘शोकू निहोंगी’चे पान पुढे करतो.